राष्ट्राचे ज्ञान आणि गावकुसाबाहेरचे हात

आम्हांला ज्ञान नव्हते, असे आम्हांला फार काळ सांगण्यात आले. ज्ञान म्हणजे पोथी, ज्ञान म्हणजे मंत्र, ज्ञान म्हणजे अक्षर; आणि अक्षर आमच्या वाट्याचे नव्हते. म्हणून ज्ञानाची एखादी नवी व्याख्या, ज्ञानाचे एखादे नवे माप जगाच्या बाजारात आले, की आम्ही ते हातात घेऊन नीट पारखले पाहिजे. हे माप कोणी केले, कशासाठी केले, आणि त्यात आमचे काय मावते, काय सांडते, हे विचारले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

असे एक माप गेल्या काही वर्षांत अर्थशास्त्रात रूढ झाले आहे. मूळचे व्हेनेझुएलाचे रिकार्डो हाउसमन आणि मूळचे चिलीचे सेझार हिदाल्गो ह्या दोघांनी २००९ साली एका शोधनिबंधात ते मांडले आणि २०११ साली सहकाऱ्यांसह 'द ॲटलस ऑफ इकॉनॉमिक कॉम्प्लेक्सिटी' ह्या ग्रंथात विस्ताराने समजावून सांगितले. देश श्रीमंत का होतात आणि गरीब का राहतात, ह्या जुन्या प्रश्नाला त्यांचे उत्तर असे आहे की, देशाची खरी संपत्ती त्याच्या खाणींत किंवा तिजोरीत नसून त्याच्या माणसांमध्ये वाटल्या गेलेल्या उत्पादक ज्ञानात असते. आणि हे ज्ञान मोजता येते.

हे उत्तर प्रथमदर्शनी आम्हांला जवळचे वाटते. ज्ञान हे हातात असते, पोथीत नव्हे, असे म्हणणारा अर्थशास्त्रज्ञ आम्ही का नाकारावा? परंतु जवळच्या वाटणाऱ्या गोष्टीचीच चिकित्सा अधिक काटेकोर केली पाहिजे.

१

प्रथम त्यांचे म्हणणे त्यांच्यावर अन्याय न करता समजून घेऊ.

विहिरीवरचा विजेचा पंप घ्या. बटण दाबणाऱ्या शेतकऱ्याला त्यातील तांब्याच्या तारेचे वेटोळे कसे भरतात हे ठाऊक नसते. वेटोळे भरणाऱ्याला ओतीव लोखंड कसे ओततात हे ठाऊक नसते. ओतकाम करणाऱ्याला वीज कशी निर्माण होते हे ठाऊक नसते. म्हणजे पंप बनवण्याचे संपूर्ण ज्ञान कोणाही एका माणसाच्या डोक्यात नाही. ते अनेकांत विखुरलेले आहे, आणि ते विखुरलेले अंश एकत्र आले तेव्हा पंप झाला. ह्या ज्ञानाचा थोडा भाग पुस्तकात असतो. बराचसा भाग मात्र हाताला, डोळ्याला, नाकाला ठाऊक असतो. तो जाणत्याच्या शेजारी वर्षानुवर्षे बसूनच मिळतो. म्हणून तो एका देशातून दुसऱ्या देशात सहजासहजी जात नाही, आणि म्हणून देशादेशांत विषमता राहते.

हे समजावण्यासाठी ग्रंथकारांनी अक्षरे जुळवून शब्द बनवण्याच्या खेळाची उपमा वापरली आहे. ज्ञानाचा एकेक अंश म्हणजे एकेक अक्षर. वस्तू म्हणजे शब्द. ज्या देशाजवळ अक्षरे जास्त, तो शब्द जास्त आणि लांब बनवणार. अक्षरे प्रत्यक्ष मोजता येत नाहीत, पण शब्द मोजता येतात. म्हणून त्यांनी देशांच्या निर्यातीची आकडेवारी घेतली. जगाच्या व्यापारात एखाद्या वस्तूचा जेवढा वाटा आहे त्याहून मोठा वाटा एखाद्या देशाच्या निर्यातीत असेल, तर तो शब्द त्या देशाला येतो असे धरले. मग दोन प्रश्न विचारले. हा देश किती प्रकारच्या वस्तू बाहेर पाठवतो? आणि त्याच वस्तू आणखी किती देश पाठवतात? पुष्कळ वस्तू, आणि त्याही इतरांना न जमणाऱ्या, असे ज्याचे असेल त्याच्याजवळ ज्ञान अधिक. हिऱ्यासारखी वस्तू दुर्मीळ असते ती ज्ञानामुळे नव्हे, निसर्गामुळे. म्हणून ती वस्तू पाठवणारे देश आणखी काय काय पाठवतात हेही पाहिले, आणि ही उलटतपासणी पुनःपुन्हा करून प्रत्येक देशाला एक आकडा दिला.

हा आकडा शाळांच्या आकड्याहून वेगळा आहे, असा त्यांचा आग्रह आहे. १९७० च्या सुमारास घाना आणि थायलंड ह्या देशांत लोकांची शालेय शिक्षणाची वर्षे जवळजवळ सारखीच होती. पुढे घानाने शिक्षण वाढवले तरी थायलंड संपत्तीत कितीतरी पुढे गेला. शाळेत बसणे आणि उत्पादन करता येणे ह्यांत अंतर आहे, हा त्यांचा निष्कर्ष. ज्या देशाचे ज्ञान त्याच्या आजच्या उत्पन्नाच्या मानाने अधिक असते, तो पुढे वेगाने वाढतो, असेही ते सांगतात. ह्याच हिशेबाने २०१७ साली हार्वर्डच्या अभ्यासगटाने २०२५ पर्यंतच्या वाढीच्या अंदाजात भारताला जगात सर्वांत वरचे स्थान दिले होते.

येथवर सिद्धांत. आता तो आपल्या मातीवर ठेवून पाहू.

२

मी घोडनदीच्या खोऱ्यातला. आंबेगाव तालुक्याचा. ज्या आंबेगावच्या नावाने हा तालुका ओळखला जातो, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिला माणूस मी. माझा आजा कातडी कमवायचा. जातीचे नाव ढोर. हे नाव मी मुद्दाम लिहितो, कारण जनावराचे नाव माणसाच्या जातीला देणारी व्यवस्था ज्ञानाची कोणती किंमत करीत होती, ते त्या एका शब्दात दिसते.

पंप येण्यापूर्वी ह्या भागातल्या विहिरींवर मोट होती. आजच्या विद्यार्थ्याला मोट ठाऊक नाही, म्हणून सांगतो. चामड्याची मोठी पखाल, तिला खाली सोंड. बैल धावेवरून उतरले की नाडा ताणला जाई, चाकावरून मोट वर येई, सोल ओढल्यावर सोंडेतून पाणी थारोळ्यात पडे आणि पाटाने शेतात जाई. हाउसमन-हिदाल्गो ह्यांच्या भाषेत बोलायचे तर मोट हा आमच्या गावाचा एक लांबलचक शब्द होता. त्याची अक्षरे मोजा. मेलेले जनावर ओढून आणण्याचे काम महाराच्या माथी. कातडे कमावण्याचे ज्ञान ढोराचे. ते कापून शिवण्याचे ज्ञान चांभाराचे. नाडा आणि सोल वळण्याचे ज्ञान मांगाचे. चाक सुताराचे, कडी लोहाराची. आणि कातडे ज्या हिरड्याने कमवायचे तो हिरडा भीमाशंकरच्या रानातून आणणारा महादेव कोळी. सात जातीजमातींचे ज्ञान एका विहिरीवर एकत्र आले, तेव्हा पाणी वर आले.

आजा सांगायचा, कातडे चुन्यात किती दिवस ठेवायचे हे दिवसांवर नसते, हवेवर असते. थंडीत जास्त, उन्हात कमी. केस बोटाने ओढून बघायचे. ते किती सहज सुटतात त्यावरून ओळखायचे. मग चुना धुऊन काढायचा, कातडे पिशवीसारखे शिवायचे, हिरड्या-बाभळीचा काढा आत भरून टांगायचे, आणि पाझरलेला काढा पुन्हा आत ओतत राहायचे. काढा पुरेसा मुरला की नाही हे कडेचा काप घेऊन रंगावरून कळायचे. ह्यातले काहीही लिहिलेले नव्हते. अर्थशास्त्रज्ञ ज्याला हाताला ठाऊक असलेले ज्ञान म्हणतात, ते हेच.

आणि ह्या ज्ञानाच्या मालकाची स्थिती काय होती? त्याने कमावलेले कातडे विहिरीच्या तळाशी जाई, त्यातून आलेल्या पाण्यावर सगळा मळा पिके. पण त्या विहिरीला तो शिवू शकत नव्हता. कातडे बाटत नव्हते, कातडे कमावणारा बाटवत होता. पाट दूरवर गेला की त्याच्या शेवटी ओंजळ धरायची, एवढाच त्याचा पाण्यावर हक्क. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ह्या घटना आपण हक्काच्या लढ्यातल्या म्हणून वाचतो. त्या तशा आहेतच. परंतु उत्पादनाच्या इतिहासातही त्यांना जागा आहे. पाणी वर आणणाऱ्या ज्ञानाचे धनी पाण्यापासून तुटलेले होते, हे त्या घटनांनी जगासमोर ठेवले.

येथे सिद्धांताची पहिली उणीव उघड होते. तो अक्षरे मोजतो, पण अक्षरे कोणाच्या हातात आहेत आणि ती त्या हातात कशी आली हे विचारत नाही. 'राष्ट्राचे ज्ञान' असे म्हणताच सगळी अक्षरे एका पिशवीत जमा होतात. आमच्या गावातही सगळी अक्षरे एका गावकुसात होती, नव्हे, काही त्या कुसाबाहेर होती. म्हणून गाव एक होते असे कोण म्हणेल?

३

दुसरी उणीव अधिक खोल आहे. ज्ञान वाढते कसे, ह्याविषयी ग्रंथकार म्हणतात की देश जवळच्या वस्तूकडून जवळच्या वस्तूकडे जातात. ह्यासाठी त्यांनी जंगल आणि माकडे अशी उपमा दिली आहे. वस्तू ही झाडे, उद्योग ही माकडे. माकड जवळच्या झाडावर उडी मारते, लांबच्या नाही. ज्यांच्या जातींना जनावरांची नावे मिळाली त्यांना ही उपमा टोचेल, पण ते बाजूला ठेवू. तिच्यातला अर्थ महत्त्वाचा आहे. मोटेच्या झाडाजवळ कोणती झाडे होती? तेलाच्या इंजिनाचा चामडी पट्टा, हातपंपातला चामडी वायसर, घोड्याचे खोगीर, कारखान्यातला बूट. चामड्याचे ज्ञान असलेल्या माणसाला ह्या सगळ्या उड्या जवळच्या होत्या. मग त्या त्याने का मारल्या नाहीत?

कारण तो झाडाला बांधलेला होता. बलुत्यात त्याला मालाची किंमत मिळत नव्हती, धान्याचा वाटा मिळत होता. मोट चांगली केली म्हणून वाटा वाढत नव्हता. नवे काही काढले म्हणून तर नाहीच. काम नाकारण्याची सोय नव्हती. दुसऱ्याचे काम शिकण्याची सोय नव्हती. लोहाराच्या भट्टीपाशी ढोराच्या पोराने बसून शिकायचे, हे कल्पनेतही नव्हते. सात अक्षरे विहिरीवर एकत्र येत होती खरी, पण ती वस्तूंच्या रूपाने येत होती; माणसे एकत्र येत नव्हती. आणि माणसे शेजारी बसल्याशिवाय हातातले ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही, हे तर ग्रंथकारांचेच सूत्र आहे. म्हणून तोच शब्द शतकानुशतके तसाच लिहिला गेला. नवा शब्द बनला नाही.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जातिव्यवस्थेचे श्रमविभागणी म्हणून होणारे समर्थन खोडून काढले. जात कामे वाटून थांबत नाही, ती काम करणाऱ्यांना एकमेकांपासून तोडते आणि त्यांची उतरंड रचते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. आज उत्पादक ज्ञानाचा सिद्धांत वाचताना ह्या विचाराचे अर्थशास्त्रीय मोल नव्याने जाणवते. ज्ञान वाटले गेले पाहिजे आणि पुन्हा जुळले पाहिजे, हे जर संपत्तीचे मूळ असेल, तर ज्ञान वाटून घेऊन ते जुळू न देणारी व्यवस्था हे दारिद्र्याचे मूळ ठरते. हाउसमन आणि हिदाल्गो ह्यांनी जातीचा विचार केलेला नाही. पण त्यांचा सिद्धांत प्रामाणिकपणे शेवटपर्यंत नेला तर तो जातिव्यवस्थेविरुद्धचा पुरावा होतो. ते तेथवर जात नाहीत. आपण गेले पाहिजे.

तुलनेसाठी पंपाची बाजू पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत होते. बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान चालवले, कडबा कापण्याचे यंत्र केले, लोखंडी नांगर केला. १९१० साली औंध संस्थानच्या राजाने दिलेल्या जागेवर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि पुढे तेथे पंप बनले. सायकलवरून नांगरावर, नांगरावरून पंपावर, ह्या जवळजवळच्या उड्याच आहेत. त्यांचे कर्तृत्व मोठे आहे आणि ते कमी लेखण्याचे मला कारण नाही. परंतु त्यांना उडी मारता आली. रेखाचित्र वाचता येत होते, धंदा बदलता येत होता, गाव सोडता येत होते, राजाच्या दरबारात बसता येत होते. माझ्या आजाला ह्यातले एकही करता येत नव्हते. शेवटी पंपाने मोट संपवली, ह्यात दुःख नाही. पंप करणाऱ्यांच्या बाजूला मोट करणाऱ्यांपैकी कोणी बसू शकला नाही, हे दुःख आहे.

४

कोणी म्हणेल, ही व्यवस्था अनादि आहे. तिला कोण काय करणार? त्याला मी जुन्नरच्या डोंगरांत घेऊन जाईन.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या आधी-नंतरच्या शतकांत नाणेघाटाने कोकणातल्या बंदरांकडे जाणारा व्यापार ह्या गावावरून होत होता. लेण्यांत दानलेख आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिली, असा एक लेख आहे. यवन म्हणवणाऱ्या परदेशी माणसांची दाने आहेत. आणि एका लेखात संघासाठी पैसा गुंतवल्याची नोंद आहे. तो कोणाकडे गुंतवला? वंशकारांच्या, म्हणजे बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे, आणि कांस्यकारांच्या, म्हणजे काशाचे काम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे.

ह्याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. ज्याच्याकडे ठेव ठेवतात, तो विश्वासाचा माणूस असतो. त्याची संघटना उद्या-परवा, पुढच्या पिढीतही टिकेल अशी खात्री असते. बांबूच्या सुपल्या-टोपल्या विणणाऱ्या हातांकडे ज्ञानही होते, संघटनाही होती, आणि भिक्षुसंघाचा पैसा सांभाळण्याची पतही होती. आज महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बुरूड ही जात आहे. आजचे बुरूड हे त्या वंशकारांचेच वंशज, असे मी म्हणत नाही. तसा दावा करण्याची गरजही नाही. धंदा तोच आहे, डोंगर तोच आहे. फरक एवढाच की ज्ञानाबरोबर असलेली पत काढून घेतली गेली आणि ज्ञान तेवढे गळ्यात अडकवले गेले. बुद्धाच्या संघाला जो कारागीर ठेव ठेवण्याइतका विश्वासू वाटला, तो पुढच्या समाजाला अंगणात घेण्याइतकाही वाटला नाही.

निर्यातीच्या तक्त्यावरून हा फरक कधीच कळणार नाही. टोपली दोन्ही काळांत टोपलीच आहे.

५

तिसरी उणीव किमतीची आहे, आणि ती आजही चालू आहे.

आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात आजही हिरडा गोळा होतो. कोवळे फळ वाळवले की तो बाळहिरडा. तो औषधाला जातो, कातडे कमवायला जातो. इंग्रजी अमदानीत मुंबई बंदरातून हिरड्याची पोती विलायतेच्या चर्मोद्योगाकडे जात. माझ्या वर्गात त्या पट्ट्यातली एक मुलगी होती. ज्ञान आणि विकास ह्या विषयावर बोलत असताना ती म्हणाली, "सर, माझ्या आईला कोणत्या झाडाचा हिरडा कधी उतरवायचा, किती वाळवायचा, हे सगळं कळतं. ते ह्यात कुठं येतं?" मी तिला सांगितले की येत नाही. तक्त्यात हिरडा कच्चा माल म्हणून येईल आणि कच्च्या मालाला ज्ञानाचे गुण फार थोडे मिळतात. ती म्हणाली, "मग आईला काही कळत नाही असंच झालं की." त्या दिवशी मला उत्तर सुचले नव्हते. हा लेख काही अंशी ते उत्तर शोधण्यासाठी आहे.

जून २०२५ मध्ये मिलान शहरात प्राडा ह्या इटालियन कंपनीने आपल्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या. आरंभी भारताचा उल्लेख नव्हता. महाराष्ट्रात ओरड झाली, तेव्हा कंपनीने त्यांचे मूळ मान्य केले. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे; ती पिढ्यान्‌पिढ्या चर्मकारांच्या हातांनी केली आहे. अशी चपल इटलीतून महाग दराने बाहेर गेली तर निर्यात इटलीच्या खात्यावर पडेल, आणि ती कोल्हापूर किंवा अथणीहून गेली तर भारताच्या. दोन्ही वेळा रापी चालवणारा हात खात्यावर नसेल. ह्या मापाने देशादेशांतले अंतर दिसते. एकाच चपलेच्या किमतीत नाव लावणारा किती घेतो आणि शिवणारा किती घेतो, हे अंतर दिसत नाही.

ग्रंथकारांच्या बाजूने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. हिदाल्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवले की, अधिक गुंतागुंतीच्या वस्तू बनवणाऱ्या देशांत उत्पन्नाची विषमता साधारणपणे कमी असते. म्हणजे विषमतेचा प्रश्न त्यांना सुचलेलाच नाही असे नाही. परंतु उत्पन्नाची विषमता ही वर-खाली होणारी गोष्ट आहे. जन्मावर ठरलेली, धंद्यात कोंडलेली विषमता वेगळी. ती मोजायला निर्यातीचे कागद पुरणार नाहीत.

६

आता आपल्याच बाजूच्या एका विचाराशी मला वाद घालायचा आहे. कांचा इलैया ह्यांनी २००९ सालच्या 'पोस्ट-हिंदू इंडिया' ह्या पुस्तकात चामड्याचे काम करणाऱ्या मादिगांना वैज्ञानिक म्हटले. उत्पादक जातींचे ज्ञान हेच ह्या देशाचे खरे ज्ञान, ही त्यांची भूमिका आमचा ताठ कणा करणारी आहे, आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. माझा आजा रसायनशास्त्रज्ञ होता, असे म्हणताना मलाही बरे वाटते.

परंतु आजाला विचारले असते तर तो काय म्हणाला असता? चुन्याने त्याची बोटे खाल्ली होती. वासामुळे वस्ती गावापासून दूर ठेवली होती आणि वास हेच पुन्हा दूर ठेवण्याचे कारण होते. त्याने माझ्या बापाला ते काम शिकवले नाही. मुद्दाम शिकवले नाही. मेलेली जनावरे ओढू नका, हलकी म्हणून लादलेली कामे सोडा, हा बाबासाहेबांचा संदेश वस्त्यावस्त्यांत पोचला होता. आजाबरोबर ते ज्ञान मेले, आणि आमच्या घरात कोणी त्याबद्दल रडले नाही. उत्पादक ज्ञानाचा सिद्धांत ह्याला राष्ट्राचे नुकसान म्हणेल. आम्ही ह्याला मुक्ती म्हणतो. दोघांचेही खरे असेल, तर दोष ज्ञानात नाही. ज्ञान ज्या अटींवर दिले गेले त्या अटींत आहे. अटी मोडल्या असत्या तर ज्ञान मोडावे लागले नसते.

म्हणून जुन्या कारागिरीचे नुसते गोडवे गाणे मला धोक्याचे वाटते. आज 'पारंपरिक ज्ञान' हा शब्द परिसंवादांतून फार ऐकू येतो. चर्मकाराच्या मुलाने चर्मकारच व्हावे, कारण ते ज्ञान अमूल्य आहे, असे जर त्यातून सुचवले जात असेल, तर ते बलुतेदारीचे नवे आमंत्रण आहे. आमच्या मुलांना हवे आहे ते दुसऱ्यांची अक्षरे घेण्याचे स्वातंत्र्य.

जुन्नर तालुक्यातच ह्याचे उदाहरण आहे. नारायणगावजवळ खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, उभी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. गोविंद स्वरूप ह्यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ती उभारली. तबकडीसाठी जड पत्रे वापरले नाहीत. पोलादी तारांचे दोर ताणून त्यांवर तारेची जाळी बसवली. त्यामुळे वजन कमी, वाऱ्याचा दाब कमी, खर्चही कमी. भौतिकशास्त्र, पोलादकाम, विजेचे काम, गणित अशी कितीतरी अक्षरे जुळून हा शब्द झाला, आणि तो जगात फार थोड्या देशांना लिहिता येतो. निर्यातीच्या हिशेबात तो कोठेच नाही, कारण दुर्बीण सीमेपार जात नाही. मापाची हीही एक मर्यादा आहे. पुढे सेवांचा व्यापारही हिशेबात घेतला गेला, तरी अशा ज्ञानाला त्यात जागा नाही.

पण मला त्याहून वेगळे सांगायचे आहे. विज्ञानदिनाच्या निमित्ताने आसपासच्या शाळांची मुले खोडदला जातात. त्यांत आमच्या वस्त्यांतली मुले असतात. ताणलेल्या दोरांकडे बघणारे एखादे पोर मांगाचे असेल, ज्याच्या पणज्याने नाडे वळले. त्या पोराने त्या आवारात फक्त पाहुणा म्हणून जावे की शास्त्रज्ञ म्हणून, हे कशावर ठरणार आहे? त्याच्या शाळेत गणिताला शिक्षक आहे का, त्याची शिष्यवृत्ती वेळेवर येते का, त्याच्या बहिणीला दहावीनंतर घरी बसवले जाते का, ह्यावर. राष्ट्राच्या ज्ञानाचा खरा हिशेब येथे मांडला पाहिजे.

७

तेव्हा हे माप फेकून द्यावे काय? नाही. देशांची तुलना करायला ते उपयोगी आहे. शाळेचा दाखला म्हणजे ज्ञान नव्हे, ज्ञान हातात असते आणि ते एकत्र बसल्यानेच वाढते, हे त्याने अर्थशास्त्राला पटवले, ह्याबद्दल त्याचे ऋण मानले पाहिजे. मात्र ते 'राष्ट्र' ह्या शब्दापाशी थांबते, आणि आपला प्रश्न त्या शब्दाच्या आत सुरू होतो.

माझी सूचना साधी आहे, आणि ती ह्या त्रैमासिकाच्या वाचकांतील शिक्षक, विद्यार्थी व कार्यकर्ते ह्यांना उद्देशून आहे. आपापल्या तालुक्यातील एक वस्तू घ्यावी. हिरडा घ्या, टोपली घ्या, चपल घ्या, टोमॅटोचे क्रेट घ्या. ती करणाऱ्या प्रत्येक हाताजवळ जाऊन तीन प्रश्न विचारावेत. हे काम सोडायचे ठरवले तर तुम्हांला सोडता येते का? दुसऱ्या धंद्यातल्या माणसाजवळ बसून त्याचे ज्ञान तुम्हांला घेता येते का? आणि ह्या वस्तूच्या किमतीतले तुमच्यापर्यंत किती येते? पहिल्या प्रश्नाने दास्य कळेल, दुसऱ्याने जात, तिसऱ्याने शोषण. ही उत्तरे गावोगाव लिहून काढली, तर जगाच्या नकाशावर नसलेला एक नकाशा तयार होईल.

मी स्वतः ह्या उन्हाळ्यात, हिरड्याच्या दिवसांत, माझ्या त्या विद्यार्थिनीच्या गावी जाणार आहे. तिची आई सांगेल आणि ती लिहील. मी फक्त सोबत असेन. वर्गात मी तिला चुकीचे उत्तर दिले होते; ते निदान तिच्या वहीत तरी दुरुस्त व्हावे.